अहवालात माझं रान पडीक आहे



आज पानावर छाटणी नाही, फवारणी नाही, घडांचे फोटोही नाहीत. नोंद लांब आहे आणि चिडून लिहिलेली आहे. दोन बैठकांत वाचा, पण पुढच्या महिन्यातल्या जनसुनावणीआधी वाचा.

आमच्या बागेच्या पूर्वेला माळावर दगडखाणी आहेत, हे इथल्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. त्या आता वाढवायच्या आहेत. त्यासाठी पर्यावरण मंजुरीचा अर्ज झालाय आणि सोबत पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा, म्हणजे सगळे ज्याला ईआयए म्हणतात त्याचा, मसुदा अहवाल आलाय. मी आणि पुतण्या जिल्हा परिषदेत जाऊन तो बघून आलो. पूर्ण अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. त्या सारांशात शेतीच्या वाट्याला एक ओळ आलीय. शेतीवर प्रतिकूल परिणाम अपेक्षित नाही, असं तिचं म्हणणं. पुतण्यानं मोठ्या अहवालाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि तीन रात्री आम्ही ते घरी बसून लावले.

जमीन वापराच्या नकाशावर मी माझा गट शोधला. सापडला. रंग फिकट पिवळा. खाली सूचीत बघितलं तर फिकट पिवळा म्हणजे पडीक जमीन.

अडीच एकर द्राक्ष, लोखंडी मांडव, ड्रिप, सोसायटीचं कर्ज, सगळं धरून पडीक.

आधी हसू आलं. मग चित्राची तारीख बघितली. उपग्रहाचं चित्र एप्रिलमधलं. बागायतदाराला पुढचं सांगायला नको. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते. पान नाही, काडी नाही, ओलांडे उघडे आणि खाली तापलेले बोद. वरून बघणाऱ्याला दिसणार काय? शेजारच्या आबांचं शाळूचं रान, कडबा निघून महिना झालेला, तेही पडीक. ओढ्याकाठचा हरभऱ्याचा तुकडा पडीक. एप्रिलमध्ये आमचं निम्मं शिवार पडीकच दिसतं हो. ते जूनची वाट बघत असतं.

यात खोटं कुणी लिहिलेलं नाही आणि माझा राग नेमका त्यावर आहे. खोटं असतं तर बोट ठेवता आलं असतं. इथं प्रत्येक आकडा खरा आहे, फक्त चुकीच्या महिन्यातला आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण सुनावणीला जाताना एवढं तरी माहीत पाहिजे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राची 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना आहे. त्याआधी 1994 ची होती. मोठे प्रकल्प 'अ' वर्गात, त्यांची मंजुरी दिल्लीहून. बाकीचे 'ब' वर्गात, ते राज्याच्या प्राधिकरणाकडे. 'ब' चे परत दोन भाग. ब-1 ला परिणाम मूल्यांकनाचा अहवाल लागतो आणि जनसुनावणी होते. ब-2 ला दोन्ही माफ. म्हणून प्रकल्पवाल्याचा पहिला डाव कायम ब-2 मध्ये बसायचा असतो.

खाणीच्या बाबतीत हा डाव हेक्टरवर खेळला जायचा. पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणीला पूर्वी पर्यावरण मंजुरीच लागत नव्हती. मग मोठ्या खाणीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा पाचाच्या आत ठेवायचा. 2012 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात हे थांबवलं आणि पाच हेक्टरच्या आतल्यालाही मंजुरी लागेल असं सांगितलं. पुढं 2016 च्या अधिसूचनेत समूहाचा नियम आला. एकाच खनिजाच्या दोन खाणींच्या हद्दी एकमेकींपासून 500 मीटरच्या आत असतील तर त्या एकत्र धरायच्या. आमच्या माळावर चार वेगवेगळ्या नावांचे चार तुकडे होते, चारही पाचाच्या आत, चारही बांधाला बांध लावून. समूह धरला म्हणून तर आज आपल्याला सुनावणी मिळतेय. नाहीतर हा अहवालही बघायला मिळाला नसता.

आता वाऱ्याबद्दल. या सगळ्या नोंदीतला हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

हवेची मापं मार्च ते मे घेतलीत. नियमानं एक हंगाम पुरतो, पावसाळा सोडून कुठलाही. ठरलेल्या ठिकाणी यंत्रं ठेवायची, आठवड्यातून दोन दिवस, असे बारा आठवडे. ठेवली असतील, मी नाही म्हणत नाही. त्या तीन महिन्यांत आमच्याकडं वारा पश्चिमेचा आणि वायव्येचा. दुपारनंतर डोक्यावरची टोपी राहत नाही. म्हणजे खाणीची धूळ जाणार पूर्वेला, आमच्या उलट्या अंगाला. अहवालात वाऱ्याच्या दिशेची गोल आकृती छापलीय आणि खाली निष्कर्ष काढलाय की पश्चिमेकडच्या शेतीला धुळीचा त्रास संभवत नाही. मार्च ते मे या काळापुरतं हे शंभर टक्के बरोबर आहे.

पण वेलीवर माल कधी असतो? ऑक्टोबरला फळछाटणी, नोव्हेंबरला फुलोरा, डिसेंबरात मणी फुगतो, जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, फेब्रुवारी-मार्चला तोडणी. आणि थंडीत आमच्याकडं वारा पूर्वेचा. पहाटेपासून माळावरून खाली बागेत उतरतो. ज्या महिन्यांत धूळ माझ्या घडावर बसते त्या महिन्यांत यंत्र नव्हतं आणि ज्या महिन्यांत यंत्र होतं तेव्हा माझ्या बागेत घडच नव्हते.

घडांना आपण पेपर लावतो ना, थंडीपासून आणि उन्हापासून वाचवायला? गेल्या फेब्रुवारीत पेपर काढताना मी पहिल्या ओळीतले दहा आणि शेवटच्या ओळीतले दहा वेगळे ठेवले. पूर्वेकडच्या पहिल्या ओळीतल्या पेपरवर बोट फिरवलं की पांढुरका पट्टा उठतो. पश्चिमेच्या शेवटच्या ओळीत अक्षरं साफ वाचता येतात. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नाही, मला माहीत आहे. पण अहवालाकडं एवढंही नाही. (गेल्या वेळच्या सुनावणीची नोटीस दोन दैनिकांत आली होती म्हणतात. नियमही तसाच आहे, एक राष्ट्रीय आणि एक प्रादेशिक भाषेतलं, किमान 30 दिवस आधी. आम्ही ती वाचली नाही. रद्दीतून येऊन माझ्याच एखाद्या घडाला गुंडाळलेली असेल.)

या पानावर कृषीचे पदवीधर, प्राध्यापक, दुकानातले तज्ज्ञ असे बरेच जण आहेत. धुळीनं पिकाचं काय होतं ते तुम्ही मला शिकवलंय. पानावर थर बसला की छिद्रं बुजतात, प्रकाश कमी पोचतो, पान आपलं काम करत नाही. धुळकट पानावर लाल कोळी वाढतो, हे रस्त्याकडेच्या ओळीत कुणालाही दिसेल. धूळ धुवायला पाणी मारावं तर घडात ओल राहते आणि डाऊनीला निमंत्रण. मण्यावरची नैसर्गिक लव पुसली गेली तर निर्यातवाला माल हातात धरत नाही. बेदाण्याचं तर विचारूच नका. डिपिंग ऑइलमधून काढलेली द्राक्षं शेडवर जाळीवर पसरलेली, सगळ्या बाजूंनी उघडी, त्यावर येणारी धूळ झाडून जात नाही, ती चिकटूनच वाळते.

यातलं एक वाक्यही अहवालात नाही. का नाही, याचं उत्तर मला अहवालाच्या शेवटच्या पानांवर मिळालं. तिथं तज्ज्ञांची यादी असते. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता देताना विषय ठरवलेले आहेत, बारा आहेत. हवा, पाणी, आवाज आणि कंपनं, भूगर्भ, भूजल, मृदसंधारण, जैवविविधता, जमीन वापर, हवामान, समाज-अर्थ, घनकचरा, धोके. वाचून बघा. पीक हा विषय त्यात नाही. मातीवाला आहे, पाखरंवाला आहे, आणि असलाच पाहिजे. पण ज्या परिसरात शेतकरी राहतात तिथल्या अहवालात पिकावर सही करणारा माणूसच नाही. मग ती एक ओळ कुणी लिहिली?

मोजायच्या पट्ट्याही बघा. हवेतल्या बारीक धुळीची मर्यादा, ज्याला पीएम 10 म्हणतात, चोवीस तासांसाठी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. ही माणसाच्या फुप्फुसाच्या हिशेबानं ठरवलेली हवा आहे. पानावर दर महिन्याला किती धूळ बसली तर चालेल, याची मर्यादा त्या तक्त्यात नाही. सुरुंगाच्या हादऱ्याचंही तसंच. खाण सुरक्षा महासंचालनालयाचा 1997 चा तक्ता आहे. त्यात राहती घरं आहेत, कारखान्याच्या इमारती आहेत, ऐतिहासिक वास्तू आहेत. विहीर नाही. आमच्याकडं घर पडलं तर माणूस सपरात राहतो, विहीर ढासळली तर गाव सोडतो. पण तक्त्यात विहिरीला रकाना नाही. त्यामुळं आबांच्या विहिरीचं दगडी बांधकाम दोन जागी सुटलं त्याचं माप कशात घ्यायचं हेच ठरलेलं नाही.

पाण्यावर फार लिहीत नाही, ती स्वतंत्र नोंद होईल. एवढंच सांगतो की आमचा सगळा भाग काळ्या पाषाणाचा. पाणी मुरमात आणि पाषाणाच्या फटींत. कुठली फट कुणाच्या विहिरीला जाते हे पाणाड्यालाही सांगता येत नाही. अहवालात भूजल पातळीचं एकाच हंगामाचं माप आहे. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षात चारदा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. सरकारी यंत्रणेला चारदा लागतं ते अहवालाला एकदा पुरतं. आणि उपाययोजनेच्या पानावर काय लिहिलंय तर धूळ बसवायला रस्त्यावर दिवसातून तीनदा पाणी मारणार. पाण्याचा स्रोत म्हणून टँकर दाखवलाय. टँकर कुठं भरणार? मे महिन्यात आमच्या गावालाच टँकर लागतो.

मला माहीत आहे, काही जण म्हणणार की अहवाल लिहिणाऱ्याला नावं ठेवून काय उपयोग, त्याला पैसे कोण देतं ते बघा. बघितलं. ज्याला खाण वाढवायची आहे तोच देतो, कायद्यानंच देतो. हे म्हणजे खताच्या दुकानदाराकडूनच माती तपासून घेतल्यासारखं झालं. दुकानदार वाईट माणूस असतो असं नाही. पण पोटॅश भरपूर आहे, यंदा काही टाकू नका, असं सांगणारा दुकानदार मी चाळीस वर्षांत एकच बघितला, आणि त्याचं दुकान बंद पडलं.

यातून काय काय घडू शकतं ते रत्नागिरी जिल्ह्यानं बघितलंय. तिथल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरला होता. कोकणात स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली. स्थानिक कार्यकर्त्यांनी ते पकडलं म्हणून बाहेर आलं. पान उलटून कुणी वाचलंच नसतं तर मंजुरीच्या कागदावर कोकणात आजही बर्चची झाडं उभी असती.

आता आपल्या बाजूचं. हे लिहिल्यावर काही जणांचे फोन येतील, येऊ देत.

तीन वर्षांपूर्वीच्या सुनावणीला आपण काय केलं? मंडप होता, खुर्च्या होत्या, अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी समोर बसले होते, कॅमेरा चालू होता. आपण घोषणा दिल्या. एका पुढाऱ्यानं माईक घेऊन वीस मिनिटं भाषण केलं, त्यात दगडखाण हा शब्द दोनदा आला. मग सभात्याग केला. दुसऱ्या दिवशी गावात पेढे वाटले की सुनावणी उधळली.

उधळली बिधळली काही नव्हती. अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की जनसुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसं बसली तरी सुनावणी झाली. आपण उठून गेल्यावर जी माणसं बसून राहिली ती कुणाची होती हे मी सांगायला नको. इतिवृत्तात लिहिलं गेलं की काही ग्रामस्थांनी घोषणा दिल्या, उर्वरितांनी रोजगाराबद्दल विचारणा केली. हे इतिवृत्त त्याच दिवशी, तिथंच, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि मगच सही होते. ते वाचलं जात होतं तेव्हा आपण एसटी स्टँडवर चहा पीत होतो. मी पण होतो. माझ्या हातात पण कप होता.

परवा चुलते म्हणाले, "आरं, त्येंनी वरनं ठरवल्यालं असतंय. आपुन जाऊन काय उपेग?" चुलत्यांशी मी वाद घालत नाही, पण हे मला पटत नाही. मंजुरी बहुतेक वेळा मिळते हे खरं आहे. पण नंतर कोर्टात किंवा हरित न्यायाधिकरणात जे टिकतं ते कागदावर असलेलंच टिकतं. 2009 मध्ये गोव्यातल्या एका खाणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीनं विचार केला पाहिजे आणि तो कारणांसह दिसला पाहिजे. मोपा विमानतळाचं बघा, आपल्या सिंधुदुर्गाला लागून. 2019 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात महत्त्वाची माहिती दिली नव्हती आणि समितीनं नीट तपासली नव्हती. पुढं 2020 मध्ये स्थगिती उठली, आज तिथून विमानं उडतात, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण वाढीव अटी घालून उठली. एवढी मोठी सरकारी योजना ज्या गोष्टीवर अडली ती गोष्ट घोषणा नव्हती, अर्जातली रिकामी जागा होती.

आणि आपण पीक नोंदवतो का? 2021 पासून ई-पीक पाहणी आली. मोबाईलवरून आपली आपण नोंद करायची. मी माझा सातबारा काढला. बागेची नोंद आहे. ओढ्याकाठच्या हरभऱ्याची सलग दोन वर्षं नाही. कंटाळा केला, रेंज नव्हती, राहून गेलं. आता मी कुठल्या तोंडानं सांगू की तो तुकडा पडीक नाही? उपग्रह म्हणतो पडीक आणि माझाच सातबारा म्हणतो पडीक. तीच गत अर्ध्या गावाची. विमा आणि अनुदानापुरती नोंद करायची सवय आपल्याला इथं नडणार आहे.

"तुम्ही विकासाच्या आड येता" हे ऐकून झालंय, त्याचंही उत्तर देतो. मी खडीच्या विरोधात नाही. माझ्या बागेपर्यंतचा रस्ता याच माळाच्या खडीचा आहे आणि तो नसता तर कंटेनरवाला आत आला नसता. पण खडी लागते म्हणून मोजायचं नाही, हे कुठलं गणित? टाळेबंदीत, 28 मार्च 2020 ला, सगळा देश घरात बसलेला असताना केंद्रानं रस्ते-रेल्वेसारख्या कामांसाठी लागणारी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरी माफ केली. लोकांच्या हरकतीही मागवल्या नाहीत. चार वर्षांनी, मार्च 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. त्या चार वर्षांत उकरलेली रानं कोण भरून देणार? त्याच 2020 मध्ये अधिसूचनेचा नवा मसुदा आला, त्यात सुनावणीच्या नोटिशीचे 30 दिवस 20 वर आणायचे होते. तोही आधी फक्त इंग्रजी आणि हिंदीत. मराठीसह सगळ्या अनुसूचित भाषांत भाषांतर करा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्याच्या रानावर परिणाम होणार त्याच्याच भाषेत तो परिणाम सांगायला कोर्टाचा हुकूम लागतो, हे मला अजून पचलेलं नाही.

तर या खेपेला मी काय करतोय ते सांगतो, पटलं तर तुम्हीही करा.

हरकत लेखी देणार, सुनावणीच्या आधी, आणि पोच घेणार. सुनावणीला हजर राहता आलं नाही तरी लेखी हरकत चालते. माझी मुख्य हरकत एका वाक्यात आहे. या परिसरातलं मुख्य पीक ऑक्टोबर ते मार्च वेलीवर असतं, त्या काळातला वारा, धूळ आणि पाणी मोजल्याशिवाय शेतीवर परिणाम नाही असं लिहिता येणार नाही, म्हणून त्या काळात परत मोजा. सोबत सातबारा, तोडणीच्या पावत्या, बेदाणा सौद्याच्या पट्ट्या, आणि एप्रिलमधल्या आणि जानेवारीतल्या माझ्या बागेचे दोन फोटो शेजारी शेजारी. एप्रिलच्या फोटोखाली मी काहीच लिहिणार नाही.

दुसरं, ही वाढ आहे, नवी खाण नाही. वाढीच्या अर्जाला जुन्या मंजुरीच्या अटी पाळल्या का याचा प्रमाणित अहवाल लागतो. शिवाय दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो आणि तो लोकांना बघता आला पाहिजे. जुन्या मंजुरीत खाणीभोवती साडेसात मीटरच्या पट्ट्यात झाडं लावायची अट होती. मी परवा फिरून आलो. झाडं मोजायला हाताची बोटं पुरली, आणि दोन बोटं उरली. याचे फोटो, तारखेसह, हरकतीला जोडणार.

तिसरं, पडीक हा शब्द. अधिसूचनेतच म्हटलंय की जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. आत्तापर्यंत कदाचित त्यांना माहीत नसेल की ते रान बागेचं आहे. माझी हरकत पोचल्यावर माहीत असेल. त्यानंतरही अंतिम अहवालात फिकट पिवळा रंग राहिला तर त्याला काय म्हणायचं ते न्यायाधिकरण ठरवेल. मंजुरी मिळाल्यापासून अपिलाला 30 दिवस असतात, कारण पटलं तर आणखी 60. खंडपीठ पुण्यात आहे, लांब नाही.

कृषी विद्यापीठातल्या आणि कृषी महाविद्यालयातल्या मित्रांनो, तुमच्याकडं माझी मागणी मोठी आहे. तुमच्यातले बरेच जण नोकरीत आहेत, माईकवर येऊन बोला असं मी म्हणणार नाही. पण धूळ बसलेल्या आणि न बसलेल्या ओळीतली पानं तपासून द्यायला काय हरकत आहे? त्याच ओळींतल्या मण्यांचं वजन आणि साखर? एक हंगाम, दोन ओळी, तुमच्या एखाद्या एमएस्सीच्या पोराचा प्रबंध होऊन जाईल. बाग माझी, मजूर माझे, जेवण घरचं. हवेवाल्या तज्ज्ञाच्या सहीसमोर पीकवाल्याची एक सही पाहिजे आहे. शेतकरी म्हणतो म्हणून कुणी लिहून घेत नाही, तुम्ही लिहिलंत तर त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागेल.

येत्या रविवारी सकाळी सातला मारुतीच्या देवळापाशी जमायचं आहे. माळाच्या या अंगाच्या सगळ्या विहिरींची पाणीपातळी मोजायची. आदल्या रात्रीपासून मोटारी बंद ठेवा, नाहीतर माप चुकेल. पन्नास मीटरची टेप माझ्याकडं आहे. ज्यांच्या विहिरीला कठडा नाही त्यांनी दोर आणि एक गडी सोबत आणा. नोंद पुतण्या लिहील, खाली विहीर मालकानं सही करायची. बोअरवाल्यांनी बोअर कधी मारलं, किती फुटाला पाणी लागलं, ते आठवून या, बिल सापडलं तर बिलच आणा. आबा, तुमच्या विहिरीपासून सुरुवात करू. सुटलेल्या दगडांना हात लावू नका तोवर, फोटो काढायचाय.